तिनं हात मागे घेतले

मंडळी, शाळेतून घरी येऊन दोन तास झाले, पण मन थाऱ्यावर नाही. म्हणून लिहितेय.

मी वसईत पंचवीस वर्षं गणित शिकवते. आज सकाळी जवळच्या सांडोर गावची एक बाई मुलीच्या ॲडमिशनसाठी आली. माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. आम्ही हसत बोलत होतो. रजिस्टरमध्ये रेघ मारायला मी फूटपट्टी उचलली, आणि तिनं झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

मी फूटपट्टी खाली ठेवली.

"माफ कर गं मला," मी कसंबसं म्हटलं.

"काय हो टीचर! तुमच्या मारामुळंच तर घडले मी," ती म्हणाली. मला हायसं वाटलं.

दुपारी स्टाफरूममध्ये इतिहासाच्या शबाना टीचरना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "सहाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसच्या एका मुस्लिम विद्वानानं हेच लिहून ठेवलंय. धाकात शिकलेलं मूल मनातलं लपवायला शिकतं. मार चुकवायला खोटं बोलतं आणि पुढे तोच त्याचा स्वभाव होतो."

मी डबा झाकून ठेवला. सकाळी ती खरं बोलली, की टीचरला आवडेल तेच बोलली?

आता मारायला बंदी आहे. पण माझा आवाज चढला की वर्ग अजूनही चिडीचूप होतो. जूनपासून त्या वर्गात तिची मुलगी असेल.

माझे बरेच विद्यार्थी या ग्रुपवर आहेत. तुम्हीही म्हणता, टीचरमुळे घडलो. खरं सांगा. मी रागावणार नाही.