कोऱ्या पाटीचं दुकान

भिंतीला कान असतात म्हणतात. त्या दुकानाच्या भिंतीला जे होते ते शेजारच्या बाईचे होते. पण ती बिचारी आपली भाजी निवडत बसली होती, म्हणून तिला उगाच कुणी चोंबडी म्हणू नये.

पलीकडं नवरा-बायकोचं जुंपलं होतं. दोघांनी मिळून बॅगा शिवायचं आणि दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं. मशीन आलं, कॅनव्हासचे गठ्ठे आले, राहिली फक्त दारावरची पाटी. रंगाऱ्यानं ती पिवळी रंगवून, लाल काठ ओढून ठेवली होती आणि आता ब्रश बुडवून तो उभा होता.

"माझं नाव लिहा," नवरा म्हणाला.

"का म्हणून? शिवणार मी."

"अगं, पण कापणार कोण? मी कापलंच नाही तर शिवशील काय, वारा?"

"कापायला काय लागतं? उंदीरही कापतो."

"मग उंदराशीच लग्न करायचं होतंस!"

"बघायला आलात तेव्हा मिश्या बघून शंका आलीच होती मला."

रंगारी हसला आणि तिथंच घात झाला. दोघंही त्याच्यावर उलटली. "बरं, दोघांची लिहू का?" त्यानं भीतभीत विचारलं.

"लिहा की. पण आधी माझं," दोघं एका सुरात म्हणाली. त्या दिवशी त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

रंगाऱ्यानं ब्रश झटकला. "तुमचं ठरलं की हाक मारा," म्हणाला आणि डबा उचलून चालू लागला. पाटी तशीच वर चढली. पिवळी, लाल काठाची, कोरी करकरीत.

आता तिचा हट्ट का होता तेही सांगायला हवं. शाळेत हजेरीला तिचं नाव पुकारायचे, ते दुसरीपर्यंत. पुढं शाळाच सुटली. मग ती अमक्याची मुलगी झाली, तमक्याची सून झाली, याची आई, त्याची मामी झाली. नाव होतं, पण ट्रंकेत घडी घालून ठेवलेल्या लुगड्यासारखं. रस्त्यानं जाणाऱ्यानं ते एकदा तरी मान वर करून वाचावं, एवढी एकच हौस होती तिला. हौसेला मोल नसतं म्हणतात. नवरा मात्र असतो.

दुकान चाललं. तो कापायचा, ती शिवायची. त्याला मशीनमध्ये दोरा ओवता येत नव्हता आणि तिची कात्री सरळ रेघेवरून हमखास घसरायची. म्हणजे रुसून एकट्यानं वेगळं निघायची सोयच नव्हती. अबोला असला की मग गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलायचं.

"ताई, त्यांना सांगा, पट्टा आखूड कापलाय."

"ताई, तिला सांगा, पट्टा बरोबर आहे, डोळे तपास म्हणावं."

त्या बिचाऱ्या ताई नुसती चेन बसवायला आलेल्या असायच्या.

अशाच एका अबोल्यात एका मास्तरांची बॅग आली. तिला बाहेरून खिसा लावायचा होता. त्यानं चौकोन कापून पुढं सरकवला. तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनं चारी बाजूंनी झकास दुहेरी शिलाई मारून टाकली. मास्तर न्यायला आले. खिसा दिसत होता, हात काही जाईना.

"चोरालाही जमणार नाही बघा," ती म्हणाली.

"खास आमच्याकडंच मिळतो असा," तो म्हणाला.

मास्तर निघून गेले आणि दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. अबोला तिथंच संपला. खिसा मात्र दुसऱ्या दिवशी उसवून, नीट तोंड ठेवून, फुकट लावून द्यावा लागला.

लोकांना दुकानाला काहीतरी म्हणायला हवंच होतं. ते म्हणायला लागले, "कोऱ्या पाटीवर टाक बॅग." रिक्षावालेही तोच पत्ता समजायचे. ती वरवर चिडायची. रोज सकाळी ओल्या फडक्यानं पाटी पुसायची आणि त्याला ऐकू जाईल इतपत म्हणायची, "पुसतेय आपली. नाव नाही गाव नाही, धुळीला तरी बसायला जागा."

वर्षं गेली. गुडघे कुरकुरायला लागले. एकदा ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि परत आली तर दुकानासमोर थबकली. पाटीवर नाव होतं. तिचं. एकटीचं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, हे एवढालं.

तो दारात कात्रीला तेल घालत बसला होता. वर बघायचं नाव नाही.

ती वाचत राहिली. एकदा वाचलं, मग बोट हवेत फिरवत एकेक अक्षर लावून पुन्हा वाचलं. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "तुमचं कुठं आहे?"

"जागाच उरली नाही. तुझं नावच लांबलचक."

तेवढ्यात एक बाई हातात फाटकी बॅग घेऊन समोरून गेली, पुढं जाऊन परत फिरली. "अहो मावशी, इथं कोऱ्या पाटीचं दुकान होतं ना? बंद पडलं का?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. मग रॉकेलचा बोळा घेतला आणि स्टूल मागितलं.

"अगं, जन्मभर त्यासाठी भांडलीस ना?"

"भांडले म्हणून काय झालं? वाचलं मी. पोट भरलं. आता लोक कोरी पाटी शोधत फिरणार, आणि हे माझ्या एकटीचं दुकान म्हणून तुम्ही काय बाहेर उभे राहणार? धरा स्टूल. हलवू नका, उंदीर कुठले."

नाव पुसलं, पण पुरतं गेलं नाही. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की पिवळ्यावर त्याची पुसट सावली उमटायची. तेव्हापासून तो नेमका त्या वेळी स्टूल बाहेर घेऊन बसायला लागला. उजेड बरा असतो, म्हणायचा. हातात काम काही नसायचं.

पुढं एका रात्री ती झोपेतच गेली. त्या दिवशीही तिचा संध्याकाळचा फेरा चुकला नव्हता. शिवून झालेली बॅग गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायची आणि येताना चेनचे रनर आणायचे, हा तिचा नेम.

"स्टीलचे आण," तो नेहमीसारखा म्हणाला.

जिना चढून तिनं बॅग दिली, चेन उघडून मिटून दाखवली, "ठासून भरू नका हो," असा दमही दिला. घरातली नवी सून होती. तिनं विचारलं, "कुणी आणून दिली म्हणून सांगू?"

"कोऱ्या पाटीवरच्या दोघांनी," ती म्हणाली.

परतली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि तो बाहेर बसला होता, मान वर करून. तिला बघताच त्यानं मान खाली घातली.

"आणलेस रनर?"

"आणले. पितळी."

"अगं, मी स्टीलचे सांगितले होते."

"ऐकलं होतं मी," ती म्हणाली आणि पुडी त्याच्या मांडीवर टाकून आत गेली.