धरमतरचा दादा सातवीच्या वर्गात

स्टाफरूममध्ये चहा आला की कुणीतरी माझाच किस्सा काढतं. इतके साठलेत, की हल्ली मी स्वतःच सांगून टाकतो. निदान मीठमसाला तरी माझ्या हातचा!

नव्वदीतली गोष्ट. मी धरमतरच्या धक्क्यावर 'दादा' होतो. बीपीएड झालोय हे तिथे कुणाला सांगितलं नव्हतं, इज्जत गेली असती. मामा संस्थेचा सेक्रेटरी, त्याने मला रोह्याजवळच्या शाळेत चिकटवलं. हेडबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मुलांवर हात उचलायचा नाही आणि तुमच्यापायी पोलीस शाळेत येता कामा नये. तरच एप्रिलात कायम करू." जवळच्याच वरसे गावातल्या ज्या मुलीशी माझं जमत होतं, तिचे वडीलही एप्रिलचीच वाट बघत होते.

*

पहिला तास. हजेरी घ्यायची होती. मी आजवर पेणच्या ठाण्यात दर सोमवारी हजेरी द्यायचो, घ्यायची सवय नव्हती. पटावरचं पहिलं नाव मोठ्याने वाचलं आणि मीच म्हणालो, "हजर, साहेब."

*

मारायचं नाही, म्हणून डोळे वटारायला लागलो. धक्क्यावर त्या नजरेने ट्रकवाले बाजूला व्हायचे. पहिल्या बाकावरची, कोळीवाड्यातली सुनंदा उठली. "सर, डोल्यान कचरा गेला काय? फुकू?"

मी वाकलो. तिने फुंकलं.

*

मराठीच्या ऑफ तासाला मला पाठवलं. अर्जलेखन. मला एकच अर्ज तोंडपाठ होता, तो फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी एकाचा रजेचा अर्ज आला, "अर्जदार निर्दोष असून त्यास खोट्या गुन्ह्यात गोवले आहे. तरी पोटदुखीकरिता दोन दिवस सुटका व्हावी."

हेडबाईंनी तो मलाच मोठ्याने वाचायला लावला.

*

एप्रिल. ज्यांच्यासमोर मी सोमवारचा उभा राहायचो, ते पेणचे हवालदार चक्क शाळेच्या गेटातून आत आले. नोकरी गेली, लग्न गेलं. डोकं चालायच्या आधी पाय चालले आणि मी मागच्या भिंतीवरून शेतात उडी मारली.

थोड्या वेळाने सुनंदा धापा टाकत आली. "सर, चला. त्यांची बदली झाली रोह्याला. पोराला तुमच्याच वर्गान घालायचा हाय म्हनतान."

फाटक्या पँटीनिशी ऑफिसात गेलो. हवालदार खुर्चीतून उठून उभे राहिले. "नमस्कार, सर."

बाईंनी एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"कायम केलंय. आणि सर, शाळेला गेट आहे."