माळ्यावरचा घनसाळ

भूतबीत, बाहेरचं वगैरे मी कधीच मानलं नाही. सासूबाई लिंबू उतरवून टाकायच्या आणि मी त्याच लिंबाचं सरबत करून प्यायची... तरीही हे लिहिते आहे.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. ह्यांची बदली गगनबावड्याच्या शाळेत झाली होती. गावाबाहेर एकटं कौलारू घर, वर लाकडी माळा. आमची सुमन दोन महिन्यांची. रोज दिवेलागणीला घरात घनसाळ तांदळाचा भात शिजल्याचा वास सुटायचा — आणि चुलीवर तर भाकरीचा तवा! घनसाळ आम्ही पाहुणे आले तरच शिजवायचो. पण वास आला की किरकिरणारी सुमन शांत व्हायची, म्हणून मला त्याचं काही वाटेना.

दूध घालायला येणारे दादूमामा एकदा वर बघत म्हणाले, "मास्तरीणबाई, माळ्यावर मसण्याउद हाय तुमच्या."

"म्हणजे?"

"मसणातली पोरं उकरून खातंय. ज्या घरात पाळणा हलतोय, तितं आदीच वस्तीला येतंय की."

मी हसले. "मामा, रानमांजर आहे ते. उंदीर खात असेल."

त्याच आठवड्यात सुमनला ताप भरला. दोन दिवस झाले तरी औषधाला दाद देईना. माझी अक्कल कुठे पेंड खायला गेली कोण जाणे... मीच म्हणाले, "मामा, मारा ते."

संध्याकाळी ते खांबावरून उतरत असताना मामांनी एका काठीत संपवलं आणि परसात पुरलं. दोन दिवसांनी हे माळ्यावर चढले. जुन्या सुपात दोन पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. गार पडलेली.

"मादी होती गं ती," एवढंच हे बोलले.

वास थांबला होता. सुमन मात्र शांत होईना. चौथ्या दिवशी ती गेली.

ओढ्याकाठी पुरलं तिला. मामांनी वर धोंडे रचले, बोराटीचे काटे पसरले — मसण्याउदानं उकरू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी हट्टानं तिथे गेले. मामा सोबत होते. धोंडे, काटे सगळं जागच्या जागी होतं. आणि वास... पातेल्यावरचं झाकण आत्ताच काढावं तसा, ऊन ऊन घनसाळचा.

मामांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "भात कोन शिजवतंय हितं?" म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता माघारी फिरले.

पुढे कितीतरी वर्षांनी जंगलखात्यातला भाचा म्हणाला, "मावशी, उदमांजराच्या अंगालाच तसा वास असतो. फळं खातं गं ते जास्त करून. मढी कुठली उकरतंय."

बरं. माळ्यावरचा वास कळला. पण ज्याच्या अंगाचा तो वास, ते तर आमच्या परसात पुरलेलं होतं. मीच मारायला लावलेलं. दुसरं एखादं आलं होतं म्हणावं, तर आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि ओल्या मातीत आम्हा दोघांशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं.

मग माझ्या सुमनला शांत करायला तिथे कोण आलं होतं?