वरून मी, खालून नाना

मी धुळ्याच्या एका कॉलेजात एम्बेडेड सिस्टिम्स शिकवते, म्हणजे यंत्राच्या पोटात बसून त्याला हुकूम देणारा छोटा संगणक कसा बनवायचा, ते. याचे दोन मार्ग असतात. टॉप-डाउनमध्ये आधी काय हवंय ते ठरवायचं, आराखडा काढायचा आणि एकेक पायरी उतरत तारांपर्यंत यायचं. बॉटम-अपमध्ये हातातल्या तारांपासून सुरुवात करून वर चढायचं. दुसऱ्याबद्दल शिकवताना माझा चेहरा कडू होतो, असं मुलं म्हणतात. त्याला कारण माझे वडील.

नाना चाळीस वर्षं जामनेरला पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतात. मोटार समोर आली की आधी तिचा वास घेतात, मग पाना उचलतात. गिऱ्हाइकाला काय झालं ते विचारायची त्यांना गरजच वाटत नाही. लहानपणी माझा नवा रेडिओही त्यांनी असाच उघडला होता, आणि तो बिघडलेला नव्हता.

त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, फैजपूरजवळ एकटीच केळीची बाग सांभाळते. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वीज आली की दीड किलोमीटर चालत जाऊन स्टार्टरचं बटण दाबणं बंद पडलं. मग तिच्या दिराचा मुलगा बाग वाट्याने मागायला रोज ओट्यावर येऊन बसू लागला. चहा पीत पीत तो तिला विश्रांतीचं महत्त्व समजावायचा. बाग गेली तर मी दिवसभर करू काय, असं तिने नानांना फोनवर विचारलं. घरबसल्या मोटार चालू होईल असं काहीतरी करायला हवं, असं नाना मला म्हणाले. मी करते, असं मी म्हणाले. मी करतो, असं तेही म्हणाले, आणि घोळ तिथेच झाला.

मी आत्याला तिच्या गरजांबद्दल तेवीस प्रश्न पाठवले. तेवीस प्रश्नांना मिळून उत्तर आलं, 'बरं.' त्याचा अर्थ मी सगळ्याला होकार असा घेतला आणि भिंतभर आराखडा काढला. नानांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि यात मोटार कुठे आहे, असं विचारलं. मोटार खाली उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकोनात होती.

तिकडे नानांनी जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात एक रिले, म्हणजे आपोआप ओढली जाणारी विजेची कळ, बसवला. वीज अर्धवट आली तर, म्हणून दुसरा डबा आला. मग वेळेसाठी तिसरा, आणि जुन्या बटणांच्या फोनसाठी चौथा. हे सगळं मिळून नक्की करणार काय, असं मी विचारलं तर म्हणाले, लावल्यावर कळेल.

एका सकाळी बागेत दोन्ही यंत्रं स्टार्टरशेजारी टांगली. आत्या गुडघा सांभाळत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. तो पुतण्याही आमची फजिती बघायला वेळात वेळ काढून आला होता. आधी मी मोबाइलवर बोट ठेवलं. मोटार घुमली, पडद्यावर सगळं हिरवं झालं, 'पंप चालू' अशी अक्षरं उमटली. मी नानांकडे बघितलं. ती बंद करून नानांनी आपला फोन लावला. चौथ्या डब्यात खट् झालं, मोटार घुमली, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मोटार तशीच चालू ठेवून कुणाचं चांगलं यावर आम्ही बापलेक बांधावर उभे राहून तावातावाने भांडलो. कॉलेजात इतकी अक्कल मी कधी पाजळली नव्हती.

"डबा वाजला नही," आत्या म्हणाली.

केळीत शिरलं की मोटारीचं पाणी पडतं तो हौद दिसत नाही. म्हणून आत्या कित्येक वर्षांपासून पाइपाच्या तोंडाखाली तेलाचा रिकामा डबा पालथा ठेवते. पाण्याची धार त्यावर पडली की बागेत कुठेही असली तरी तिला कळतं. त्या दिवशी तो डबा गप्प होता. आदल्या दिवशी लाइनमनने विजेच्या डीपीवर काम केलं होतं, त्यात तारांची अदलाबदल झाली आणि मोटार उलटी फिरत होती. वीज पुरेशी होती म्हणून माझं यंत्र खूश, रिले ओढला गेला म्हणून नानांचं खूश, आणि हौदात थेंब नाही. पुतण्या अगदी मायेने म्हणाला, "काकू, मग आता?"

मला रडूच यायचं बाकी होतं. आत्या रागावलीसुद्धा नाही.

"तुम्ही दोघं मोटारीच्या मागं लागले," ती म्हणाली. "मले पानी पाहिजे."

नानांनी स्टार्टरमध्ये दोन तारा बदलल्या आणि थोड्या वेळाने डबा ठणठणू लागला. तो आवाज ऐकताना आम्हा दोघांना एकदमच सुचलं, आणि जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. मी डब्याच्या आत छोटा माइक बसवला. नानांनी मोटारी भरताना वापरतात ते वॉर्निश फासून त्यात पाणी शिरायची सोय ठेवली नाही. त्यांचे चारातले दोन डबे राहिले, माझ्या आराखड्यातला एक कोपरा राहिला. वीज आली की मोटार चालू करायची, पाइप भरेपर्यंत थांबायचं, डबा गप्प राहिला तर मोटार बंद करायची, वाजला तर आत्याला फोन लावून तो ऐकवायचा. पडदा नाही, हिरवा रंग नाही. हे टॉप-डाउन की बॉटम-अप, असं वर्गात कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

पुढच्या महिन्यात मी भरीत खायला आत्याकडे गेले होते. पुतण्या ओट्यावर होताच, बोलता बोलता विश्रांतीच्या महत्त्वावर आला होता. तेवढ्यात फोन वाजला. आत्याने तो कानाला लावला, डोळे मिटून नीट ऐकलं, आणि मग त्याच्या कानाला लावला.

"ऐक, डबा वाजून राह्यला," ती म्हणाली. "चहा पे अन् घरी जाय."