भंडार न उचललेली साक्ष

मी बी. ए. होण्याआधी आमच्या घराण्यात लिहिण्याजोगी एकच गोष्ट होती, मेंढीच्या कानावरची खूण. मंद्रूपकडची आमची वस्ती. उन्हाळ्यात आई ओढ्यातला झरा वाटीनं खरवडून घागर भरायची. घोंगड्या आम्ही विणायच्या, पांघरायच्या दुसऱ्यांनी.

पदवी घेऊन परतलो त्या हिवाळ्यात आमच्या समाजाच्या एका पुढाऱ्यांनी मला सोलापूरच्या शाळेत मास्तर म्हणून लावून द्यायचं कबूल केलं होतं. हे गृहस्थ सभेत 'विवेक' या विषयावर तासभर बोलत. विवेक त्यांना उपरण्यासारखा लागे. घरी आले की खुंटीवर.

त्यांच्याच कळपानं एका शेतकऱ्याची हुरड्यातली ज्वारी खाल्ली. मी डोळ्यांनी पाहिलं. कोंडवाड्यात मात्र आमच्या वस्तीवरल्या एका विधवेच्या वीस मेंढ्या गेल्या. दोन दिवसांनी त्यांचा लिलाव ठरला. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

खंडोबाच्या देवळात पाच पंचांनी बेलभंडार उचलून शपथेवर सांगितलं, ज्वारी खाणारी मेंढरं बाईचीच. मग पुढारी माझ्याकडं वळले.

"मास्तर, तुमी बी उचला. समद्यांनी उचललाय की."

"मेंढरं तुमची होती," मी म्हणालो.

"मग उचल भंडार आन् सांग तसं!" एक पंच ओरडला.

"उचलणार नाही. पाहिलं ते सांगितलं."

"बगा! खोटारडा हाय, देवाला भितोय!" सगळे खदाखदा हसले.

पाच जण खोटं बोलले आणि ते खोटं कुणाचंच नव्हतं. दुसऱ्यानं पहिल्याकडं बघून हात घातला, तिसऱ्यानं दुसऱ्याकडं, आणि शेवटी ओझं देवाच्या डोक्यावर. विचारावं तर म्हणणार, सगळे म्हणत होते. हा 'सगळे' नावाचा इसम मला आजवर कुठं भेटलेला नाही. असल्या माणसांना जन्म मिळतो, पण जगतं त्यांच्या जागी दुसरंच कुणी. आणि मला खरं बोलायलाही देव जामीन लागत असेल, तर ते खरं माझं कसलं?

"लेका, नोकरी जाईल की," वडील वाटेत म्हणाले.

"जाऊ दे."

"आन् आपल्यात तुला पोरगी कोन देनार?"

दुसऱ्या दिवशी सोलापूरला चालत गेलो आणि मामलेदार कचेरीत जबानी लिहून दिली.

"आणखी साक्षीदार कोण?" मामलेदारांनी विचारलं.

"कोणी नाही. मी आहे."

त्यांनी माणूस पाठवून शेतातले खुरांचे माग आणि कळप तपासले; माग पुढाऱ्यांच्याच कळपाकडं गेले. शाळेतली जागा पुढाऱ्यांच्या भाच्याला मिळाली. लिलाव थांबला, आणि बाईच्या वीसही मेंढ्या तिला परत मिळाल्या.