मावशीचं एक 'समजा'

माझी मावशी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवते आणि तिचं प्रत्येक वाक्य 'समजा'ने सुरू होतं. समजा, दूध संपलंय. समजा, तू लग्न केलंस. घरात तिचं नावच समजामावशी पडलंय. ती काही मनाला लावून घेत नाही. तिच्या मनाला लागायला एक तर समीकरण लागतं, नाही तर तिचे सर.

सरांच्या हाताखाली ती विशीत शिकली आणि पन्नाशीतही त्यांच्याच प्रश्नाला चिकटून होती. तो प्रश्न तिने मला स्वयंपाकघरातली खुर्ची दाखवून समजावला. अगदी बारीक कण एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखा वागतो, खुर्ची मात्र एकाच जागी. का? काही जण म्हणतात, जड वस्तूचं स्वतःचं गुरुत्वाकर्षणच तिला एक जागा निवडायला लावतं. म्हणजे कणांच्या जगाचे पुंजनियम गुरुत्वाकर्षण मोडतं. उलट तंतुसिद्धांत सांगतो, सगळं जग थरथरत्या तंतूंचं आहे आणि गुरुत्वाकर्षण ही त्यातलीच एक थरथर, त्याच नियमांनी बांधलेली. मग घरातलाच माणूस घराचे नियम मोडणार कसा?

सरांचं ठाम मत होतं की ही दोन्ही म्हणणी एकमेकांशी जुळतात. मावशीने गणित करून ते जुळवून दाखवलं. दोघांच्या नावाचा शोधनिबंध छापायला निघाला होता आणि सरांच्या निवृत्ती समारंभात मावशी त्यावर बोलणार होती.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. भाषण लांबलं म्हणून तिने ते माझ्या गळ्यात मारलं. मी म्हटलं, "आधी सगळे 'समजा' काढ. अर्धं भाषण कमी होईल."

मी थट्टा करत होतो. ती खरंच एकेक खोडायला बसली आणि तिसऱ्या पानावर अडली. तिथे लिहिलं होतं: समजा, दोन जागांच्या गुरुत्वाकर्षणाची सरासरी घेतली.

"ही सरासरी कशाच्या जोरावर घेतली आम्ही?" ती म्हणाली.

मग तिने मला समजावलं. वस्तू दोन ठिकाणी, तर तिची ओढही दोन तऱ्हांची. तंतुसिद्धांताला तेच हवं. सरासरी घेतली की ओढ एकच उरते, गुरुत्वाकर्षण पुंजनियमांच्या घराबाहेरचं ठरतं, आणि बाहेरचा माणूस नियम मोडणारच. जे सिद्ध करायचं, तेच आधी आत ठेवलं होतं. हे 'समजा' मुळात सरांचं. मावशीला त्याची इतकी सवय झाली होती की ते दिसेनासंच झालं होतं.

ती सरांकडे गेली तेव्हा मी सोबत होतो. सरांनी पान वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"निवृत्त होताना मला हे ऐकवतेस?"

"सर, निबंध मागे घेऊ या. ते जुळणारच नाही असं मी म्हणत नाही. आपण जुळवलेलं नाही, एवढंच."

"तुला भीती वाटत असेल तर तुझं नाव काढ."

तिने काढलं. समारंभात दुसराच कुणी बोलला आणि मावशीने मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मात्र ती खूप रडली. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं, याचा मला अजूनही राग येतो.

निबंध सरांच्या एकट्याच्या नावाने छापून आला. पुढे कुणीतरी नेमकं त्या सरासरीवर बोट ठेवलं आणि सरांची सगळीकडे शोभा झाली. विभागातल्या एका सहकाऱ्याने मावशीला फोन केला. मी शेजारीच होतो.

"बरं झालं, तुम्ही वेळेवर सुटलात," तो म्हणाला. "चूक सरांचीच होती ना?"

ती हो म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"चूक आमची होती," मावशी म्हणाली. "निबंध तेवढा त्यांचा."