कॅप्चर थांबवायचं राहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इथे आखातात, सनाबिसच्या ऑफिसातलं वायफाय मीच बंद पाडत होतो, आणि ते का बंद पडतंय याची चौकशीही मीच केली.

चौथ्या मजल्यावर नेट अधूनमधून अडकायचं. छताला लावलेल्या पांढऱ्या बशीवर, म्हणजे अॅक्सेस पॉइंटवर, मी पॅकेट कॅप्चर लावलं. हवेतून जे जाईल-येईल ते सगळं फाइलमध्ये टिपलं जातं. फाइल किती वाढू द्यायची, कधी थांबवायची, असे दोन रकाने असतात. मी दोन्ही रिकामे सोडले. वीस वर्षांच्या अनुभवानंतर रकाने कोण भरतो? फाइल फुगायची, मेमरी भरायची, बशी बंद पडून आपोआप चालू व्हायची आणि कॅप्चर पुन्हा सुरू. आधी नेट अडकायचं, आता रोज दोनदा मरायला लागलं.

मॅनेजरने मीटिंग घेतली. तिच्यात पुढची मीटिंग ठरली. "केबल किसने डाला था?" एवढाच काय तो निष्कर्ष.

बशीपर्यंतची केबल टाकली होती सिंधुदुर्गातून आलेल्या आमच्या टेक्निशियनने. तो माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, तीनदा टेस्ट केलंय मी. तुम्ही बघा ना, तुम्हाला कळतं त्यातलं."

"बघतो," म्हणालो.

बघितलं. माझीच फाइल दिसली. ती पुसली, कॅप्चर थांबवलं आणि रंगीत आलेखांसकट अहवाल लिहिला: केबलमध्ये दोष असण्याची शक्यता. त्याने बिचाऱ्याने केबल बदलली. नेट रोज मरायचं थांबलं; अधूनमधून अडकणं पूर्वीसारखंच, पण त्याचं कुणाला काय! यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मला प्रशस्तिपत्रक मिळालं. त्याला शहराबाहेर मआमीरच्या गोदामात पाठवलं. मंजूर झालेली रजा खलास.

त्या रजेत त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तो त्याने गुदैबियातल्या खानावळीत फोनवर पाहिला. मी समोरच जेवत होतो. मुलगी अंगठी घालून घेत होती. त्याने फोन माझ्याकडे वळवला.

"बघा साहेब, एकदाही अडकलं नाय. तुम्ही बसलाय ना समोर!"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि आमटी मागवली.

तो दिवस मला त्याला परत देता येणार नाही. पण मॅनेजरला एक मेल लिहायची आहे, त्यालाही कॉपी ठेवून: केबल चांगली होती, चूक माझी होती. ती मी अजून लिहिलेली नाही.